पाववाल्याच्या वळणावरचा दगड

बोर्ली पंचतनहून म्हसळ्याकडे चढताना पाववाल्याचं वळण आलं की सगळे ट्रकवाले दोनदा हॉर्न द्यायचे. कुणी चालत्या गाडीतून खोबऱ्याचा तुकडा भिरकावायचा, कुणी पेटवलेली विडी. रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला, चांदीचे डोळे बसवलेला दगड होता. राखणदार म्हणायचे त्याला, आणि फार कडक म्हणायचे. तुळशीराम मात्र हॉर्न देत नसे, काही टाकत नसे, तिकडं मान वळवून बघतसुद्धा नसे. लोकांना वाटे, हा नास्तिक झाला. नास्तिक कसला डोंबलाचा! घरी रोज सकाळी देवापुढं नाक घासायचा. पण तो दगड तिथं कुणी आणून ठेवला, हे अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकट्या त्याला ठाऊक होतं.

ट्रकवाल्यांची एक खोड आहे, मेली जाता जात नाही. चढावर गाडी बंद पडली की धावाधाव करून दगड शोधायचा, चाकामागं लावायचा, देवाचं नाव घेत काम उरकायचं. आणि गाडी चालू झाली रे झाली की सुटायचं. दगड तिथंच, भर रस्त्यात. खाली उतरून तो कडेला टाकायचा म्हणजे गाडी पुन्हा घसरायची भीती, आणि त्याहून मोठा तो आळस. चोपन्न सालच्या कार्तिकात तुळशीरामानं हेच केलं होतं. दिवेआगरची सुपारी भरलेली गाडी, ह्याच वळणावर फुटलेला टायर, खालच्या बांधावरून उचलून आणलेला दगड. टायर बदलला, गाडी काढली, माणगावात जाऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी घेऊन परतताना वळणावर माणसं जमलेली दिसली. सायकल आडवी पडलेली, पत्र्याची पेटी उघडी, आणि रस्ताभर पाव. वरच्या वाडीतला अनंता रोज पहाटे म्हसळ्याहून पाव घेऊन उताराला लागायचा. त्याचं डोकं ज्या दगडावर आपटलं होतं तो दगड माणसांच्या पायांतून तुळशीरामाला दिसला. "काल तर इथं दगड न्हवता," कुणीतरी म्हणत होतं. तुळशीरामानं गाडी हळू केली, थांबवली नाही.

नंतरचं त्यानं म्हसळ्याच्या चहावाल्याकडं ऐकलं. वाडीच्या भगतानं कौल लावला. त्या वर्षी राखणदाराला द्यायचा कोंबडा अनंताच्या बायकोच्या, केसरच्या हातून सुटला होता. डालग्यावर वजन ठेवायचं ती विसरली आणि कोंबडा रानात गेला. राखण चुकली म्हणून राखणदार रागावला, स्वतःच रस्त्यात येऊन बसला आणि त्यानं तिचा नवरा घेतला. झालं! सासूनं, सोनाबाईनं, दगड कडेला मांडून त्याला शेंदूर लावला आणि सुनेला नवरा खाल्लेली ठरवलं. रोज भर दुपारी विहिरीवरून अनवाणी घागर आणायची आणि दगडावर ओतायची, ही तिची शिक्षा. चहावाला हे सगळं रंगवून सांगत होता. तुळशीरामाच्या हातातला चहा तसाच राहिला. दहादा त्यानं ठरवलं, वाडीत जायचं आणि सांगून टाकायचं. दहादा गाडी वळणावरून सरळ पुढं गेली. बोललो तर पोलीस धरतील, लायसन जाईल, पोरं उपाशी मरतील, अशी कारणं तो स्वतःला पुरवत राहिला. आणि दर खेपेला वळणावर त्याला सायकलची घंटी ऐकू यायची. रस्ता रिकामा असला तरी यायची. क्लीनर भिकूला विचारलं तर तो म्हणायचा, "कसली घंटी? तुमच्या कानात मळ झालाय."

एक गोष्ट त्यानं त्या दिवसापासून केली. चाकाला दगड म्हणून लावला नाही. ऐनाच्या लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि तो गाडीला साखळीनं बांधला.

एकसष्टच्या वैशाखात भिकू तापानं फणफणला म्हणून त्याला बोर्लीलाच ठेवून तुळशीराम एकटा निघाला. गाडीत नारळ ठासून भरलेले. बारा वाजायला आले होते, झाडाचं पान हलत नव्हतं. वळणाच्या अर्ध्यावर मागचं उजवं चाक असं फुटलं की डोंगरातले कावळे उठले. गाडी एका अंगाला बसली, इंजिन बंद पडलं आणि ती मागं सरकायला लागली. त्यानं सारा जीव पायात आणून ब्रेक दाबला. हँडब्रेक नावालाच होता. गियर टाकून बघितला, पण म्हाताऱ्या इंजिनात दम कुठला? जरा पाय सैल केला की गाडी हातभर मागं. मागं खोल घळ होती.

मग त्याला आठवलं, सकाळी माल भरताना साखळी सोडून चाकाखाली घातलेला ठोकळा उचलायचा राहिला. रोज भिकू उचलायचा. म्हणजे ब्रेकवरचा पाय काढता येत नव्हता, आणि काढला असता तरी चाकामागं लावायला काही नव्हतं. ब्रेकचं पेडल तेल गळल्यासारखं हळूहळू खाली बसत होतं. घाम डोळ्यांत उतरला. तेवढ्यात घंटी वाजली. पहिल्यांदा लांब, मग जवळ, मग अगदी कानाशी.

"अनंता, बाबा, आज नको रे," तो मोठ्यानं म्हणाला. "पोरं लहान हायत माझी."

आरशात बघितलं तर खालून एक बाई येत होती. डोक्यावर घागर, पाय उघडे. ही केसर, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. सात वर्षांत त्यानं तिला लांबून कितीदा तरी बघितली होती आणि प्रत्येक वेळी नजर काढून घेतली होती.

"बाय!" तो ओरडला. "एक दगड आण ग! डाव्या चाकामागं लाव! लवकर!"

तिनं घागर उतरवली. इकडं तिकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "हितं दगड न्हाय दादा."

"अग, डोंगरात दगड न्हाय?"

"ह्या वळणावर न्हाय. मी ठेवत न्हाय. रोज येते तवा दिसंल तो दगड घळीत टाकते."

 पेडल आणखी बोटभर खाली गेलं. केसर कडेला गेली, खाली बसली, आणि दोन्ही हातांनी शेंदराचा दगड हलवायला लागली.

"अग, काय करतेस? राखणदार हाय तो!"

"राखणदार!" ती दगड छातीशी धरून उठली. तिच्या चोळीला शेंदूर लागला. "चाकामागं लावायलाच आणला हुता कुणीतरी. त्याला ठावं हाय त्याचं काम."

दगड चाकामागं बसला. त्यानं पाय कणाकणानं सैल केला. गाडी करकरली, दगडावर टेकली आणि थांबली. तो खाली उतरला आणि जॅक काढायला गेला.

टायर बदलायला त्याला तासाच्या वर लागला. एकट्यानं जॅक लावायचा, नट सोडवायचे, स्टेपनी ओढून आणायची. केसर गेली नाही. दरडीच्या सावलीत बसून ती चाकाकडे बघत राहिली. दगडाचा एक चांदीचा डोळा निखळून पडला होता, दुसरा त्याच्याकडेच लागलेला होता. त्याच्या हातातून पाना दोनदा सुटला. मध्येच पुन्हा घंटी वाजली आणि तो दचकून उभा राहिला.

"तुमासनी पण ऐकू येते व्हय?" केसर म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"मला रोज येते," ती म्हणाली. "आत्याबायला न्हाय येत. आख्ख्या वाडीत कुणालाच न्हाय. म्हनून मी येडी." मग तिनं चाकामागच्या दगडाकडं बोट केलं, "त्या दिवशी दगडावर रबराचा काळा पट्टा हुता, दादा. मी समद्यांना दाखवला. भगत म्हनला, काळं तोंड तुझं हाय, त्यो पट्टा त्याचाच. मग शेंदूर लावला, पट्टा झाकला. सात वर्सं मी हरेक गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघते. समदे खोबऱ्याचा तुकडा टाकतात. तुमी कधी टाकला न्हाय."

 तुळशीरामानं शेवटचा नट आवळला, जॅक काढला, गाडीत चढला. इंजिन चालू झालं. गाडी पुढं सरकली आणि वळण संपून सपाटीवर आली. इथून पुढं सरळ म्हसळा. आरशात रस्त्याच्या मधोमध तो दगड दिसत होता आणि त्याच्याशेजारी ती उभी होती. तिनं दगडाला हात लावला नाही. नुसती बघत होती, हा काय करतो ते.

त्यानं गाडी बंद केली. चालत मागं आला, वाकला, दगड उचलला. केवढासा तो! त्याच्या मनात सात वर्षं तो डोंगराएवढा होत गेला होता.

"मीच तो," तो म्हणाला. "माझाच दगड हाय हा. चोपन्न साली मीच टाकून गेलो."

केसर रडली नाही की ओरडली नाही. "मला सांगून काय व्हनार?" ती म्हणाली. "वर चला."

वाडी चारच घरांची. सोनाबाई ओटीवर चिंचा फोडत बसली होती. शेंदरानं माखलेला दगड हातात घेऊन परका माणूस अंगणात उभा राहिलेला बघून ती धडपडत उठली. "अरे, अरे, देव उचलून आणलास? केसरे, काय केलंस ग अवदसे?"

"तिनं काय न्हाय केलं, आये," तुळशीराम म्हणाला. दगड त्यानं तिच्या पायाशी ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कार्तिक, सुपारीची गाडी, खालच्या बांधावरून आणलेला दगड, माणगावातलं जेवण, दुसऱ्या दिवशी हळू केलेली गाडी. काही लपवलं नाही. सांगताना त्याचा आवाज पोरासारखा फुटला.

म्हातारी खाली बसली. दगडाकडं बघत राहिली. हात पुढं केला, मागं घेतला. त्याला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल, कोयता घेऊन अंगावर येईल. आली असती तर तो हललासुद्धा नसता.

"एक सांग," ती म्हणाली. "तो दगड उचलून कडेला टाकायला तुला किती येळ लागला असता?"

तुळशीरामानं आत्ताच तो उचलला होता. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"पाच पावलं, आये. श्वास घ्यायला लागतो तेवढाच."

सोनाबाईनं मान हलवली, दोनदा, तीनदा. मग ती सुनेकडं वळली. केसर अंगणाच्या कडेला उन्हात उभी होती, रोजच्या सवयीनं ओटीपासून लांब. म्हातारीनं चिंचेनं बरबटलेला हात पुढं केला आणि ओटीवरची आपल्या शेजारची जागा पुसली.

"हितं बस ग," ती म्हणाली. "पाय भाजले असतील तुझे."

केसर आली. बसली. आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना. सोनाबाईनं तिचे तळवे आपल्या मांडीवर घेतले आणि त्यांवरून हात फिरवत ती स्वतःशीच पुटपुटत राहिली, "आगं माझे बाय, काय केलं मी, काय केलं मी..."

तुळशीराम तसाच अंगणात उभा होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, त्याला कुणी जा म्हटलं नाही. तो ऊन उतरेपर्यंत तिथंच उभा राहिला.