वाटलेले फुटवे

घरामागची ती जागा अंगण म्हणावी एवढी मोठी नव्हती आणि बोळ म्हणावी एवढी लांबही नव्हती. तीन बाजूंना शेजारच्या इमारतींच्या उंच भिंती, चौथ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, खाली सिमेंट आणि वर आभाळाचा एक तुकडा. ऊन समोरच्या भिंतीच्या माथ्यावर तोंड दाखवून निघून जायचं. खाली उतरण्याची तसदी त्याने कधी घेतली नाही. अशा जागेत शहाणा माणूस अडगळ टाकतो. रंगाऱ्याने तिथे बाग केली.

हाडाचा रंगारी तो. दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या घरी आणायची खोड काही गेली नाही. त्या घासून, बुडाला भोकं पाडून, खाली एकेक जुनी ताटली ठेवून त्याने सावलीत जगणारी झाडं लावली. नेचे, पुदिना, बेगोनिया आणि एक रुंद, गर्द हिरव्या पानांचं झाड, ज्याचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. उजेड परतून खाली यावा म्हणून तिन्ही भिंती पांढऱ्या रंगवल्या. बायकोने टोमणा मारला की घरात पोपडे निघालेत आणि झाडांना मात्र दोन हात रंग. तो म्हणाला, "सरकार, घरात बल्ब आहे."

सरकार हे त्याने तिला ठेवलेलं नाव. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती, जिथे हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुवायला येतात. संध्याकाळी तिने पुढचं दार उघडलं की मागच्या अंगणातून आवाज यायचा, "आलं का सरकार?" ती म्हणायची, "आलं. आता कामाला लागा." विनोद घासून घासून पार गुळगुळीत झाला होता, पण दोघांपैकी कुणी तो सोडायला तयार नव्हतं.

लाँड्रीने तिच्या हातांना एक गोष्ट शिकवली होती. चादरींचा गठ्ठा नुसता उचलला की आत ओल राहिलीय की नाही हे तिला कळायचं. रंगारी झाडांसाठी नेमकं हेच सांगायचा. वरची माती बघून फसायचं नाही, बादली उचलायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर तिच्या वाटेला जायचं नाही. सावलीतली झाडं तहानेने मरत नाहीत, लाडाने मरतात, असं त्याचं म्हणणं.

मग तो शिडीवरून पडला. कुणाच्या तरी जिन्यात शिडी सरकली आणि कमरेचं हाड मोडलं. शेजारच्या वायरमनने त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण तोवर उठायचं नाव काढू नका. तिने त्याची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली, म्हणजे पडल्या पडल्या बाग तरी दिसेल.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती टबात कोमट पाणी घेऊन त्याचं अंग पुसून काढायची. नळाला पाणी बेताचंच यायचं, त्यामुळे टबातलं पाणी मोरीत ओतायला तिचा हात धजेना. भाजी धुतलेलं पाणी झाडाला घालायची सवय त्यानेच लावलेली. साबण काही नसायचा. ती ते पाणी दाराजवळच्या बादलीत ओतायची, त्या बिननावाच्या झाडाच्या मुळाशी.

झाड असं फोफावलं की बघणाऱ्याने बघत राहावं. बुडातून फुटव्यावर फुटवा निघाला, बादली फुगली. बघायला येणारी माणसं आजाऱ्याची चौकशी थोडी आणि झाडाची जास्त करायला लागली. बादली भरली की झाड वेगळं करून वाटायचं, ठेवून घ्यायचं नाही, हाही त्याचाच नियम. तिने एका सुट्टीच्या सकाळी झाड कागदावर उपडं केलं आणि जुन्या सुरीने फुटवे कापले. एक वायरमनला, त्याचे उपकार होते म्हणून. एक समोरच्या दुकानवाल्या मावशींना. आणि एक वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला, जिची दुसऱ्या गावी बदली झाली होती. तिने कुंडी ट्रकमध्ये टाकली नाही, मांडीवर घेऊन बसली.

रंगारी खाटेवरून सगळं बघत होता. सुरी चालली तसा तो एकदा कण्हला. तिने विचारलं तर म्हणाला, कूस बदलताना कळ आली.

त्या दिवसापासून त्याची शीळ बंद झाली. काम करताना, जेवताना, अगदी दाढी करतानाही तो शीळ घालायचा, आणि त्यावरून तिने त्याला कमी बोल लावले नव्हते. आता घर चिडीचूप. मग उजवा हात साथ देईना. पेला धरला की निसटायचा. शिक्षिका गावाला गेली त्या संध्याकाळी तिने दार उघडलं आणि मागून काही आवाज आला नाही. तिला वाटलं, झोपला असेल. तो जागा होता. तिने पाणी दिलं तर म्हणाला, आभारी आहे.

नवरा बायकोचे आभार मानायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण दुखण्यात माणूस बदलतो असं लोक सांगत होते, आणि कामापुढे तिलाही विचार करायला सवड नव्हती.

सवड मिळाली नाही तरी हातांना कळायचं ते कळलंच. चादर बदलायला ती त्याला रोज एका कुशीवरून दुसरीवर उचलायची. आधी तिचा दम निघायचा. आता तो सहज उचलला जात होता. चेहरा तसाच भरलेला, दंड तसेच, पोट तसंच. डॉक्टर म्हणाले, छान दिसताहेत. पण एका सकाळी तिने त्याच्या पाठीखाली हात घातला आणि जोर लावायच्या आतच तो वर आला. अंगातली सगळी ओल गेलेल्या चादरीसारखा.

टब उचलून ती अंगणात गेली. एरवी ती न उचलताच पाणी ओतायची; आज टब खाली ठेवून तिने आधी बादली उचलून बघितली. बादली जागची हलली नाही. दोन्ही हात लावले, गुडघे वाकवले, तरी हलली नाही. माती वरून कोरडी होती. खालची ताटली कोरडी होती. पाय फरशीला रोवून तिने ती कशीबशी सिमेंटवरून जराशी वर घेतली, आणि तिच्या हातांनी ते वजन ओळखलं. इतके दिवस, रोज सकाळी, तेच तर तिने उचललं होतं.

बादली हातातून सुटून टबाला लागली आणि टबातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. रोज थोडा थोडा नवरा आपणच आपल्या हाताने मातीत ओतला आणि वर त्याचे तुकडे करून गावभर वाटले, हे तिला एका दमात समजलं.

पण बसून राहणाऱ्यांतली ती नव्हती. त्याच पावली ती वायरमनच्या दारात उभी राहिली. फुटव्याला कीड लागलीय, इतरांना लागेल, असं काहीबाही सांगितलं. वायरमनने एका शब्दानेही अडवलं नाही. उलट कुंडी हातात देताना तो घुटमळला.

"काकी, एक विचारू का? आमच्याकडे कुणी नसताना घरात शीळ ऐकू येते. बायको म्हणते तूच वाजवतोस. मला तर येतच नाही शीळ."

तिने मान खाली घालून कुंडी घेतली. दुकानवाल्या मावशी मात्र सहजी सोडीनात; झाड दुकानाला शोभा देत होतं. शेवटी दोन बेगोनियांच्या बदल्यात तयार झाल्या. ते झाड दुकानात भिंतीला लागून ठेवलं होतं. पंखा नाही, वारा नाही, आणि एक रुंद पान संथपणे भिंतीवर वर जात होतं, खाली येत होतं. धुरकटलेल्या भिंतीचा तेवढा पट्टा पुसून लखलखीत झाला होता. रंगाऱ्याचा हात कसा चालतो हे तिने जन्मभर बघितलं होतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि भीतीपेक्षाही त्या हाताची माया जास्त दाटून आली.

शिक्षिकेचा नवा पत्ता कुणाकडे नव्हता. शाळेत फोन करून तिने निरोप ठेवला आणि उत्तराची वाट बघत हातात होतं तेवढ्याने सुरुवात केली. मोठ्या बादलीत आणि दोन्ही कुंड्यांत ती स्वच्छ पाणी घालायची. माती ते पिऊन घ्यायची आणि भोकांतून जे ताटल्यांत झिरपायचं ते गाळून, कोमट करून, त्यानेच त्याचं अंग पुसायची. ते पाणी मातकट दिसायचं. त्याला लागलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

बादली हलकी होत गेली आणि तो जड. तिची कंबर पुन्हा दुखायला लागली, आणि त्या दुखण्याने तिला इतका आनंद झाला की ती लाँड्रीत सगळ्यांना हसून सांगत सुटली. एका सकाळी त्याने पेला घट्ट धरला. पुढे शीळ आली, आधी नुसती हवा, मग सूर. हाड जुळलं, काठीच्या आधाराने तो अंगणात गेला, एकेक बादली उचलून बघायला लागला. झाडांशी बोलला. हातात ब्रश घेऊन भिंतीचा उडालेला रंगही भरला.

फक्त तिच्याकडे बघताना तो अदबीने बघायचा. परक्या घरी उतरलेला पाहुणा यजमानिणीकडे बघतो तसा. जेवताना पुन्हा वाढू का विचारलं तर संकोचायचा. एकदा त्याने तिला फार सौम्यपणे विचारलं, "तुम्ही माझी इतकी सेवा करता. तुमच्या घरचे काही म्हणत नाहीत?"

शिक्षिकेचा फोन आला तेव्हा ती लाँड्रीतून निघतच होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने बोलणं ऐकलं. शिक्षिका फार खुशीत होती. झाडाने काय जीव धरलाय म्हणून सांगा! एक गंमत मात्र आहे, ते उजेडाकडे वळतच नाही. खिडकीत ठेवलं, कितीही फिरवलं, तरी संध्याकाळ झाली की सगळी पानं दाराकडे तोंड करून उभी. कुणी यायचं असल्यासारखी.

"मला ते परत हवंय," ती म्हणाली. "मी उद्याच येते न्यायला. नाही म्हणू नका."

पलीकडे शिक्षिका ओशाळून हसली.

"अहो, कुंडी भरून गेली होती. तुम्हीच नव्हता का म्हणालात, भरली की वाटायची, ठेवून घ्यायची नाही? मी फुटवे वेगळे केले आणि सत्र संपलं तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलांना एकेक दिला. आता कोण कुठे गेलंय... पण मुलं सांगत होती, त्यांच्याकडेही तसंच. संध्याकाळी दाराकडे."

फोन कधी बंद झाला ते तिला कळलं नाही. दिवे लागायची वेळ होती. कुठल्या कुठल्या गावात, कुठल्या कुठल्या खिडक्यांत, आत्ता या घटकेला ती पानं वळत असतील, आणि दारातून येत असेल दुसरंच कुणी. ती घरी चालत गेली. किल्ली लावताना मागून शीळ ऐकू येत होती, जुनीच, तिच्या ओळखीची.

तिने दार उघडलं. शीळ थांबली. ती उंबऱ्यातच उभी राहिली, नेहमी राहायची तशी, पण मागून काहीच आलं नाही. मग तिने स्वतःच आवाज दिला.

"आलं सरकार."

तो मातीने भरलेले हात पुसत अंगणाच्या दारात आला. तिला बघून हसला, चारचौघांत कुणाचा विनोद कळला नाही तरी माणूस मानाखातर हसतो तसा, आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"या, बसा ना," तो म्हणाला. "कोण हवं होतं आपल्याला?"