नदीने गाळलेला पाइप

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात चित्रकारांचा मेळा भरला की सगळे नदीकाठी ओळीने स्टँड रोवायचे आणि सगळे एकच खोटं रंगवायचे. मेपलची लाल झाडं, चर्चचा सुळका, पाण्यातलं त्यांचं थरथरतं प्रतिबिंब. मधोमध काठातून तोंड वासून बाहेर आलेला कागदगिरणीचा सांडपाण्याचा पाइप मात्र कुणाच्याच चित्रात नसे. घाण कोण भिंतीवर टांगतो?

लोरेटनेही तो वर्षानुवर्षं गाळला होता. तिचा भाऊ रेमी त्याच पाइपची जाळी साफ करताना वाहून गेला. गिरणी म्हणाली, त्या दिवशी तो कामावरच नव्हता. गाव गिरणीचं मीठ खात होतं. गावाने नंदीबैलासारखी मान डोलावली. यंदा तिने ठरवलं होतं: पाइप रंगवायचा आणि गावाच्या नाकासमोर टांगायचा.

काठावरचा पाइप रंगवून झाला. मग प्रतिबिंबासाठी तिने पाण्याकडे पाहिलं, आणि ब्रश हातातच राहिला.

पाण्यात झाडं होती, सुळका होता. पाइप नव्हता. त्याच्या जागी नुसतं गुळगुळीत, लालसर पाणी चमकत होतं. अगदी गावातल्या चित्रांत असतं तसं.

"ग्लेंडा, पाण्यात पाइप दिसतो का गं तुला?"

शेजारच्या स्टँडवरून ग्लेंडाने मानही वळवली नाही. "कुठला पाइप?"

"अगं, समोर आहे तो! डोळे फुटले का?"

"दिसतं तेवढंच काढावं, बाई. मेलेल्यांना कशाला ढवळतेस?"

मेलेल्यांचं नाव लोरेटने काढलंच नव्हतं.

"ढवळणार! नदीलासुद्धा खोटं बोलायला शिकवलंत, भवान्यांनो."

तिने काळपट रंग घेतला आणि कॅनव्हासवरच्या पाण्यात, वरून खाली, तो न दिसणारा पाइप ओढला.

वारा नव्हता, तरी नदी शहारली. लाल पाण्यात काळी रेघ उमटली, रुंद झाली, तिने तोंड उघडलं. आणि त्या तोंडावरच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून एक माणूस लोंबकळत होता. उलटा. पायात गिरणीचे रबरी बूट.

लोरेटने झटकन काठाकडे पाहिलं. तिथल्या जाळीला कुणीही नव्हतं.

ओळीतले चित्रकार गुपचूप स्टँड मिटू लागले. पाण्याकडे एकानेही बघितलं नाही. ऊन उतरत होतं आणि पाण्यातल्या माणसाची बोटं एकेक करून सुटत होती.

"धरून ठेव, रेमी," लोरेट म्हणाली, आणि आधी बोटं रंगवायला घेतली.