हात दाखवा

व्हॅनमावशीने एकतीस वर्षं शाळेची पोरं वाहिली, आणि एवढ्या वर्षांत तिच्या ब्रेकने एकाही पोराचा डबा सांडला नाही. मागच्या वर्षी व्हॅन भंगारात गेली तेव्हा ती बॉनेटवरून हात फिरवून घरी आली आणि दोन दिवस सवयीने पहाटेच उठून दाराशी बसली.

खरी अडचण तिसऱ्या दिवशी कळली, कारण तो गुरुवार होता. मावशीची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, पंचवीस किलोमीटरवर राहायची. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती घराबाहेर पडत नसे. दर गुरुवारी मावशी तिच्याकडे जायची. दोघी पत्ते खेळायच्या, अक्का लबाडी करायची, मावशी ती पकडायची, आणि दोघींचा आठवडा सार्थकी लागायचा. आता मध्ये दोन बस आल्या आणि वर एक चढण. तीन गुरुवार बुडाले. चौथ्या गुरुवारी अक्का फोनवर म्हणाली, “नको येऊस हो. मी एकटीच खेळते. पण लबाडी पकडायला कुणी नसलं की जिंकूनही मजा येत नाही गं.”

मावशी तडक मधल्या बहिणीच्या मुलाकडे गेली. या भाच्याला घरात अजून बारक्या म्हणत. वय चव्वेचाळीस, वजन विचारू नये असं. त्याच्याकडे विजेवर चालणारी नवी कोरी गाडी होती, आणि गुरुवारी ती त्याच्या ऑफिसबाहेर नुसती ऊन खात उभी असायची.

“देतो,” बारक्या म्हणाला, “पण एका अटीवर. ही गाडी स्वतःच वळते. रविवारी तू चालव, मी शेजारी बसतो. अक्काच्या दारापर्यंत एकदाही हिचा चूक दाखवणारा लाल दिवा लागला नाही, तर गुरुवार तुझा. लागला, तर तुझ्या त्या दोन बस.”

“तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून मी गाडी चालवतेय रे.”

“म्हणूनच तर म्हणतोय. वय झालं तुझं. मशीनचं लक्ष असलेलं बरं.”

मावशीने हा अपमान गिळला. गुरुवारचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी निघाले. मागच्या सीटवर बारक्याची बायको बसली. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारी आणि घरी नवऱ्याला ‘आता मिटा’ म्हणणारी. मावशीला सोपं जावं म्हणून बारक्याने गाडीला मराठी बोलायला लावलं होतं. मोठा सरळ रस्ता लागला, त्याने एक बटण दाबायला लावलं आणि स्टिअरिंग आपणहून हलायला लागलं.

“आता हात काढ,” बारक्या म्हणाला. “हात लावलास की ती गोंधळते.”

मावशीचे हात शिवशिवत होते, पण तिने ते मांडीवर ठेवले, परक्या घरी जेवायला बसल्यासारखे.

मिनिटभराने गाडी गोड आवाजात म्हणाली, “कृपया हात दाखवा.”

मावशीचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! तिच्या तरुणपणी गाडीला दिवे असले तरी ते लागतीलच अशी खात्री नसायची. भर पावसात बाही कोपरापर्यंत भिजवून तिने हात दाखवले होते. तिने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि तळवा खाली करून वरखाली हलवला. हळू चला.

मागची स्कूटर हळू झाली. स्कूटरमागचा टेम्पो हळू झाला. टेम्पोमागून कुणीतरी शिवी दिली.

“मावशी, काय करतेस हे?”

“तीच म्हणाली ना!”

“हात दाखवा,” गाडी पुन्हा म्हणाली, या वेळी जरा कडक.

म्हणजे हा हात चुकला. मावशीने हात पुढेमागे झुलवला. पुढे जा. टेम्पोवाला, पिकल्या मिशांचा, शेजारून जाता जाता डोळे विस्फारून बघत राहिला, आणि त्याने चक्क सलाम ठोकला.

“हात दाखवा!” आता गाडी ओरडलीच. टुंग टुंग टुंग झालं, पुढे लाल दिवा पेटला. “स्वयंचलित वळण बंद करण्यात आले आहे.”

तेवढ्यात मावशीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गेलेसुद्धा. तिने गाडी अलगद कडेच्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली.

“नापास,” बारक्या म्हणाला. “अगं, हात खिडकीबाहेर नाही दाखवायचा. असा दाखवायचा.” आणि त्याने आरशाशेजारच्या कॅमेऱ्यापुढे दोन्ही तळवे उघडून धरले, पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे.

मागून हळू आवाज आला. “तू रोज असं करतोस?”

“मग काय! तीनदा दाखवावे लागतात. तिसऱ्यांदा पुलापाशी. मग ती बंद होते. थोडी दमते बिचारी.”

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या कप्प्यातलं पुस्तक मागून घेतलं आणि वाचलं, “‘चालकाने दोन्ही हात सतत स्टिअरिंगवर व नजर रस्त्यावर ठेवावी. सूचना मिळताच हात असल्याचे हलक्या ओढीने दाखवावे. तीन सूचना दुर्लक्षित केल्यास सोय बंद होते.’” तिने पुस्तक मिटलं. “दमत नाही रे ती. तुला कंटाळते.”

बारक्याने उत्तरासाठी तोंड उघडलं.

“मिटा,” ती म्हणाली.

गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आपोआप वळायची सोय परत आली. या वेळी मावशीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, घट्ट नाहीत, पोराचं बोट धरावं तसे. थोडं पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. जुने पांढरे पट्टे नीट पुसलेले नव्हते आणि त्यांच्यावरून नवे पिवळे ओढले होते. गाडीने हळूच डावीकडे ओढ घेतली, थेट सिमेंटच्या ठोकळ्यांकडे.

“अंहं,” मावशी म्हणाली, तिला सरळ केलं, ब्रेकवर पाय टेकवला आणि ती सोयच बंद करून टाकली. “जिथे रस्त्यालाच रस्ता ठाऊक नाही, तिथे हिला काय कपाळ ठाऊक असणार!”

बारक्याने ते ठोकळे खिडकीतून जाताना पाहिले. मोजलेही असावेत.

अक्काच्या दाराशी मावशीने गाडी लावली आणि किल्ली त्याच्यापुढे धरली. “लाल दिवा लागला. अट म्हणजे अट.” आवाज ताठ होता, पण बोटं किल्ली सोडत नव्हती.

बारक्याने तिची मूठच मिटून दिली. “तो दिवा माझा होता गं. गुरुवार घे. फक्त…” तो खाली बघायला लागला. “जाताना मला ऑफिसला सोडशील? वाटेत जरा शिकवशील?”

मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नव्या पोराला न्याहाळावं तसं.

“सात पंचवीसला फाटकाशी उभा राहा,” ती म्हणाली. “आणि खाऊन ये. माझ्या गाडीत डबा उघडायचा नाही.”