हालवारचे कंस

नॉर्वेतल्या त्रोनहाइमच्या त्या कचेरीत शुक्रवारी वाफल करायचा मान हरलेल्याचा असे. ब्राउझरमधलं स्क्रिप्ट चालवणारं इंजिन कोलमडेल असा डेटा कुणी शोधून आणला, तर इंजिन लिहिणाऱ्याने वाफल करायचे. नाही कोलमडलं, तर आणणाऱ्याने. इंजिनातला डेटा वाचणारा भाग, म्हणजे 'वाचक', ओशिल्डचा होता आणि तो पाडायला दर शुक्रवारी हालवार यायचा. पण तो कधीच पडला नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळ्यांनी हालवारच्याच हातचे वाफल खाल्ले.

ते दिवसच वेगळे होते. ओशिल्डच्या वाचकाआधी बाहेरून आलेला डेटा सरळ स्क्रिप्ट म्हणून चालवून टाकत. काम झटपट व्हायचं, पण डेटात कुणी हुकूम दडवला असेल तर इंजिन तोही मुकाट्याने पाळायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ओशिल्डने अक्षर न् अक्षर तपासणारा वाचक लिहिला, जो सगळं वाचायचा, पण ऐकायचा कुणाचंच नाही.

आता तिचा तो वाचक म्हातारा झाला होता. सहकारी एस्किलने नवा, कितीतरी वेगवान वाचक लिहिला होता, आणि आज तो टिकला तर ओशिल्डचा पुसला जाणार होता. उगाच मोठेपणा कशाला सांगायचा, तिला एस्किल हरायलाच हवा होता.

हालवार गेल्या हिवाळ्यात वारला होता. त्याच्या खुर्चीवर आज तीच बसली आणि तिने त्याचं जुनं हत्यार काढलं: कंसात कंस, त्यात कंस, असे हजारो, एकही न मिटलेला. प्रत्येक कंसाला वाचक एक पायरी खाली उतरतो आणि उतरता उतरता इंजिनाचा जीव जातो. किती खोल जायचं ही तपासणी वेळ खाते, म्हणून वेगाची हौस असलेले ती काढून टाकतात आणि तोंडघशी पडतात.

"घे, पचव," ती म्हणाली.

"कॉफी तरी पिऊ दे गं," म्हणत एस्किलने कळ दाबली.

पडद्यावर एकच ओळ आली: फार खोल, डेटा नाकारला. इंजिन मजेत चालू होतं. तिने आणखी कंस ओतले. पुन्हा तीच ओळ.

"तपासणी ठेवलीस?"

"मीही काढलीच होती. हालवारने आजारपणात फोन केला. म्हणाला, मी नसलो की ती स्वतः येईल आणि आधी कंसच फेकेल. तिचा वाचक खुशाल काढ, तिची शिस्त काढू नकोस."

ओशिल्डला भरून आलं. जन्मभर जो तिचं काम पाडायला टपलेला, त्यानेच ते जपून पुढच्याच्या हाती दिलं होतं. तिने आपला वाचक स्वतःच्या हाताने पुसला, उठली आणि वाफलचं यंत्र तापायला लावलं. पीठ भिजवताना मात्र हात अडला. हरायची वेळच कधी आली नव्हती.

"वेलदोडा किती घालायचा रे?"

"भरपूर," एस्किल म्हणाला. "तुला आवडतो म्हणून हालवार भरपूर घालायचा."