खुब्याचं हाड

आमच्याकडे मेंढी कापली की माणसाची किंमत कुणी बोलून दाखवत नाही, ताटात वाढतात. खुब्याचं हाड मानकऱ्याला, मांडीचं त्याच्या खालोखाल, आणि बरगडी ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही त्याला. नारिन या आमच्या डोंगरी शहरातल्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे कपडे धुणं, बूट सांभाळणं आणि हंगाम संपला की हे मांस वाटणं, तिन्ही कामं माझी. वाटताना वीस वर्षांत माझा हात चुकला नाही. त्या दिवशीही चुकला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

ओस्मार ब्राझीलचा. गोल मारणं हाच त्याचा धंदा, वय छत्तीस. पोर्तुगाल, सायप्रस, माल्टा, व्हिएतनाम, कझाकस्तान अशा देशांतले अकरा क्लब पालथे घालून तो आमच्याकडे आला आणि सहा वर्षं टिकला. "तोंडावर 'जा' असं कुणीच म्हणालं नाही, सापारदादा," तो मला सांगायचा. "सायप्रसला माझ्या कपाटाला परकं कुलूप दिसलं. व्हिएतनामात सरावाला गेलो, तर माझा शर्ट दुसऱ्याच्याच अंगात!" आता त्याला फक्त आणखी दोन वर्षांचा करार हवा होता. तेवढ्यात त्याची लेक लिविया इथली शाळा संपवणार होती. ही तिची पाचवी शाळा, आणि इथेच तिला पहिल्यांदा मैत्रिणी मिळाल्या होत्या.

करार तयार होता. क्लबचे अध्यक्ष तुर्दुबेकदादा सही केलेला कागद कोटाच्या खिशात घेऊनच मेजवानीला आले होते. अक्कल मी पाजळली.

"दादा, आधी त्याला बरगडी वाढतो. तोंड कसं होतं बघू. मग खुब्याचं हाड आणि कागद एकदमच!"

"तू मेल्या सुधारणार नाहीस," अध्यक्ष हसले. "वाढ."

मेंढीला खुब्याची हाडं दोनच. एक अध्यक्षांना दिलं, दुसरं माझ्यामागे फडक्याखाली झाकून ठेवलं. घानाहून महिन्याभरापूर्वी आलेल्या क्वाबेनाला मांडीचं दिलं आणि ओस्मारसमोर बरगडी ठेवली. आमची पोरं ओठ चावत खाली बघत होती.

ओस्मारनं बरगडीकडे पाहिलं, मग क्वाबेनाच्या ताटाकडे. दुसरा परदेशी असता तर त्यानं सरळ विचारलं असतं, "हे काय?" पण हा सहा वर्षांत आमच्यातलाच झाला होता, आणि ताटात आलेल्या हाडाबद्दल आमच्यात कुणी विचारत नाही. त्यानं बरगडी नीट साफ केली. हात पुसले. उभा राहिला. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. मी हसू दाबत बसलो.

"तुर्दुबेकदादा, राग नाही," तो म्हणाला. "बरोबर केलंत. चोर मीच आहे. उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वीच संपलाय. प्रत्येक सामन्याआधी लपून इंजेक्शन घेत होतो. डॉक्टर म्हणालाय, आणखी एक हंगाम खेळलास तर काठी घेऊन चालशील. तुम्ही ओळखलंत. निदान इथे मला आपल्यात बसवून जेवू घालून तरी सांगितलंत."

"अरे, गंमत होती, गाढवा! बस खाली!" मी ओरडलो आणि फडकं ओढलं.

ओस्मारनं ते हाड पाहिलं. अध्यक्षांचा हात कोटात गेला होता, तो रिकामाच बाहेर आला.

"दोन वर्षं फसवलंस मला?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादा, लिवियाची शाळा..."

"जेव." मग ते माझ्याकडे वळले. "सापार, ते हाड त्या घानावाल्याला वाढ. गार होतंय."

माझी लाज वाटते मला, पण मी वाढलं. क्वाबेनाला काहीच कळलं नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसून ओस्मारला विचारलं, "हे कुठून कापायचं?"

ओस्मार त्याच्या शेजारी बसला आणि त्याला सुरी कशी धरायची ते दाखवू लागला.