शिक्का झालेली पुंगळी

मित्रांनो, मी बंदुकीच्या गोळीची एक जुनी पितळी पुंगळी आहे. कोरियाच्या युद्धात माझ्यातली गोळी सुटली. ती कोणाला लागली, मला कळलं नाही. रिकामी झालेली मी दक्षिण कोरियाच्या चोल्ला प्रांतातल्या एका बांधावर पडून होते. युद्ध संपल्यावर शाळेच्या शिपायानं मला उचललं, घासलं आणि मतदानाच्या टेबलावर ठेवलं. माझं तोंड शाईत बुडवून मतपत्रिकेवर दाबलं, की लाल गोल उमटे. वाचता न येणाऱ्यांसाठी उमेदवारांच्या नावांवर काड्या काढलेल्या असत. पहिल्याला एक, तिसऱ्याला तीन.

एका निवडणुकीत सरपंच पांग यांनी एक काडीवाल्याच्या वतीनं घरोघर रबरी बूट वाटले. मतदानाच्या दिवशी ओकदान नावाची विधवा ते बूट हातात घेऊन, गवती चपला घालून आली. दारातलं बोलणं मला गोणपाटाच्या पडद्याआडून ऐकू येत होतं.

“हे घ्या सरपंच. माझ्या पायाला होत नाहीत.”

“वहिनी, तीन काड्यांना मत म्हणजे लालांना, कम्युनिस्टांना मत! तुमचा दीर उत्तरेकडे पळालाय, विसरू नका. घराला पुन्हा डाग लावायचाय?”

“डाग धुवायला तरी पाणी हवं ना! धरण फुटून तीन वर्षं झाली. भात काही लाल-पांढरं बघून पिकत नाही.”

मागून शेजारीण मालसुन कुजबुजली, “अगं, ठेवून घ्यायचे! बूट पायात, मत हातात.”

ओकदान आत आली. तिनं मला शाईत बुडवलं. मग तिनं मला असं दाबलं की टेबल हललं. कुठल्या काड्यांखाली, ते मी सांगणार नाही.

एक काडीवाला जिंकला, पण आमच्या गावाच्या पेटीत मात्र तो हरला. सरपंच चिडले. पुढची हकीकत मालसुननं नंतरच्या निवडणुकीत रांगेत सांगितली. ओकदानला चौकीवर दिवसभर बसवून ठेवलं. “मत कोणाला दिलंस?” या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं. “पडद्याआड दिलं, साहेब.” माझे सगळे गोल सारखेच, शेवटी तिला सोडावं लागलं. आणि आता दोन्ही पक्षांचे उमेदवार गावात येऊन धरणाचंच बोलू लागले होते.

कागदाची घडी घातली की माझा गोल दुसऱ्या नावापाशीही उमटे आणि खरं मत कोणतं ते कळत नसे. म्हणून नवे शिक्के आले आणि मी शाळेच्या खणात खिळ्यांसोबत पडले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या हाती शिक्का येईल, तेव्हा धाक दाखवणारा आणि फुकट वस्तू वाटणारा, दोघांनाही पडद्याबाहेर ठेवा. स्वतःला विचारा, आणि मग घट्ट दाबा.