हरणाचा पाय

धाकटीने पट्टी भिंगाखाली धरली. जुन्या शिकारी बंदुकीच्या बाजूला बसणाऱ्या त्या पोलादी पट्टीवर पळतं हरीण कोरलेलं होतं. बफवर, म्हणजे घासून चकाकी देणाऱ्या चाकावर, जाण्याआधी त्याला चार पाय होते. आता मागचा एक पाय गुडघ्याखाली पार पुसला गेला होता.

दोघी जावा मिळून मुलाम्याचं काम करत. थोरली बफच्या चाकावर झिजलेला थर उतरवायची, धाकटी त्यावर चांदी-सोन्याचा नवा थर चढवायची. थोरलीच्या हाताखाली कोरीवकामाची रेघ कधी दुखावली नव्हती. पण हल्ली ती कप टेबलाच्या पार कडेला ठेवायची, सुई धाकटीच्या हातात देऊन "ओव जरा" म्हणायची. डोळ्यांचा विषय काढला, की अंगावर यायची.

"झाली ना चकचकीत?" तिने चाकाशी बसूनच विचारलं.

"झाली," धाकटी म्हणाली. तिने पट्टी पालथी ठेवली.

पट्टीचा मालक, एकेकाळचा नावाजलेला नेमबाज, दुपारी काम बघायला येणार होता. बंदूक त्याच्या वडिलांची; तिच्या दुसऱ्या बाजूची पट्टी अजून पुडक्यातून काढलीही नव्हती. सोन्याचा जाड थर दिला तर खपून जाईल, असं धाकटीला वाटून गेलं. तिने मुलाम्याच्या टाकीच्या विजेच्या तारा जोडल्या, सोडल्या, पुन्हा जोडल्या. थर कितीही जाड दिला, तरी नसलेला पाय उगवणार नव्हता. दाराशी जरा खुट्ट झालं की ती दचकायची.

म्हातारा आला, खुर्चीत टेकला. धाकटीने पट्टी त्याच्यापुढे ठेवली.

"आमच्याकडून चूक झालीय. हरणाचा पाय घासला गेला."

चाक थांबलं. थोरली उठून आली, पट्टी पार नाकाशी नेली, खिडकीकडे वळवली. मग हरणावरून हळूच नख फिरवलं.

"मला चारही दिसत होते गं," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता.

"पुन्हा कोरता येईल?" म्हाताऱ्याने विचारलं.

"येईल. पण ते काम दुसऱ्या हाताचं दिसेल," धाकटी म्हणाली.

"माझ्या वडिलांनी हे जिवापाड जपलं होतं, बाई." तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने ती पट्टी आणि न उघडलेली दुसरीही रुमालात बांधली आणि मागे न बघता निघून गेला.

थोरली स्टुलावर बसली. "मला सांगितलं का नाहीस आधी?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत, ताई?"

थोरलीने चाकावर फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून चपला घालून दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "चल, डॉक्टरकडे."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनं नीट पार पडली. थोरली पुन्हा चाकावर बसू लागली, पण कोरीव वस्तू आली की धाकटीला शेजारी बसवल्याशिवाय बटण दाबत नाही. म्हातारा परत आला नाही. एकदा थोरली त्याच्या घरी जाऊन आली. तो काय म्हणाला, हे तिने सांगितलं नाही आणि धाकटीचीही विचारायची छाती झाली नाही.